सुया वेचणारे वामनभाऊ

वामनभाऊंना मान वर करून चालताना मी कधी पाहिलं नाही. गडचांदूरच्या बाजारात, ट्रकांच्या अड्ड्यावर, पुतणीच्या वरातीतसुद्धा नजर जमिनीवर. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय विनयशील माणूस आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुणाची पडलेली चिल्लर शोधतात की काय. तिसऱ्या दिवशी ते नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपात वाकले, चिमट्यानं एक वापरलेली सुई उचलली आणि जाड डब्यात टाकली. म्हणाले, "लेकरं खेळतेत इथी."

आमचं केंद्र म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि मधे एक पडदा; पडद्यापलीकडे मी रक्त तपासायची. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना आम्ही कोऱ्या सुया फुकट द्यायचो, वापरलेल्या परत घ्यायचो. एकाची सुई दुसऱ्याच्या दंडात जाऊ नये आणि तिच्यासोबत एचआयव्ही नि कावीळही जाऊ नये, एवढाच हेतू. मी तिथली नर्स. वामनभाऊ वस्तीत फिरून माणसं जोडायचे. पूर्वी तेही टोचून घेत. सोडून बरीच वर्षं झाली होती. आता ते जाऊनही दोन वर्षं झाली.

नातवंडं मला खट्याळ आजी म्हणतात. तेव्हाची मी त्यांना दिसली असती तर कार्टी पलंगाखाली लपली असती. चाळिशीची, कडक इस्त्रीची साडी, नाकावर चष्मा आणि नियमांचं असं वेड, की घरच्या मांजरीनंही दूध ठरल्या वेळी प्यावं. रुजू झाल्याच्या आठवड्यातच मी दारावर पाटी लावली : 'जुनी सुई आणा, नवी न्या.'

वामनभाऊंनी ती दोनदा वाचली. "बाई, जुने कपडे घेऊन गंज देणारी भांडेवाली येते ना, तिचं दुकान टाकलं का तुमी?"

"शिस्त नको का?"

"शिस्त पायजेच. पण हे लोक शिस्तीतले असते तं आपल्याकडे काऊन आले असते?"

मी पाटी काढली नाही. मला वाटलं, याला काय कळतं.

दिलीप चुनखडीच्या खाणीवर डंपर चालवायचा. एका दुपारी तो रिकाम्या हातानं आला. "घरी रांगतं लेकरू हाय, मॅडम. जुन्या सुया ठेवू कुठी? जाळून टाकल्या."

मी पाटीकडे बोट दाखवलं. वर ऐटीत म्हणाले, "लेकराची एवढी काळजी आहे तर टोचून कशाला घेतोस?" दिलीप रिकाम्या हातानंच परत गेला. मी स्वतःच्याच कौतुकानं चष्मा पुसला.

वामनभाऊ आल्यावर हे सांगितलं, तर त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही. कोऱ्या सुया घेऊन सायकलवर टांग टाकली. अड्ड्यावर पोचले तेव्हा उशीर झाला होता. दिलीपनं एका दोस्ताची सुई टोचून घेतली होती. त्या दोस्ताला एचआयव्ही होता. त्याच्या रिपोर्टचा कागद माझ्याच कपाटात होता.

ते परत आले, खुर्ची ओढली, वर चढले आणि पाटी उतरवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

दिलीपला लागण झाली की नाही, हे रक्त तपासून खात्रीनं तीन महिन्यांनीच कळणार होतं. तीन महिने मला अन्न गोड लागलं नाही. मुदत भरली, पण दिलीप येईना. त्या बाईसमोर बसणार नाही, म्हणाला. वामनभाऊ रोज जाऊन त्याच्या डंपरपाशी बसायचे. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, पयले तुमी रक्त द्या, मंग मी देतो."

खरं तर वामनभाऊंनी स्वतःची तपासणी कधी केलीच नव्हती. मी विषय काढला की म्हणायचे, "माह्यं रक्त कडू हाय बाई, तुमची सुई गंजून जाईन." शंभर जणांना हाताला धरून आणणारा माणूस स्वतः मात्र पडद्याच्या अलीकडेच थांबायचा. त्या दिवशी ते आत आले आणि बाही वर करून बसले.

"घ्या बाई. लवकर घ्या, नाईतं मी पळून जाईन."

दोघांचं रक्त घेतलं. अर्ध्या तासानं वामनभाऊ एकटेच आत आले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"त्याचा चांगला आला ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग त्याले पयले बलावा. सकाळपासून पोटात काई नाई पोराच्या."

दिलीपला सांगितलं. त्यानं डोळे पुसले, कोऱ्या सुयांचं पाकीट मागितलं आणि गेला. जुनी मी मागितली नाही.

वामनभाऊ स्टुलावर बसले. "आता माह्यं सांगा. सगळ्यांले सांगता तसं सांगा."

नोकरीत ते वाक्य मी कितीदा म्हटलं असेन. तेव्हा एक अक्षर फुटेना. मग वामनभाऊच घसा खाकरून माझ्याच त्या शुद्ध, शाळामास्तरणीच्या आवाजात बोलायला लागले. इतके महिने पडद्याअलीकडून त्यांनी ऐकलेलं सगळं.

"घाबरून जायचं नाही. यावर औषध आहे. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. रोज, ठरल्या वेळी घ्यायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. नीट जेवायचं. मनात काही आलं तर माझ्याकडे यायचं."

आणि मग आपल्या आवाजात, हळू, "समजलं का बाई?"

मी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाले, "समजलं."