वेसण धरून उभा होतो तेव्हा

माझी भक्ती तेव्हा फार पक्की होती असे मी म्हणणार नाही. घरचे संस्कार होते, शनिवारी मारुतीला तेल वाहायचे, एवढेच. पुढे जे घडले त्याला चमत्कार म्हणावे की नाही, याचा वाद मी कोणाशी घालत नाही. जे झाले ते झाले तसे सांगतो.

छप्पन साल होते. राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे लोक मध्यप्रदेशातच राहिलो. माझे जन्मगाव पांढुर्णा, नोकरी सौंसरला, एका सरकारी कचेरीत कारकुनाची, आणि बिऱ्हाडही तिथेच. थोरले दादा काटोलला शिक्षक होते. काल-परवापर्यंत काटोल म्हणजे आमच्या अंगणापलीकडचे गाव वाटायचे, आता ते दुसऱ्या राज्यात गेले. त्यातच कचेरीत एक छापील कागद आला. इथेच राहायचे की तिकडच्या राज्यात जायचे, ते ज्याने त्याने लिहून द्यायचे होते. दादांचे पत्रावर पत्र येई की तिकडे निघून ये, इकडे राहिलास तर पुढे सगळे काम हिंदीतून होईल आणि तू मागे पडशील. वडील वारलेले. आई मात्र पांढुर्णा सोडायला तयार नव्हती. बायको, सुमती, सात महिन्यांची गरोदर होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी आमच्या घरी ही आशा उगवली होती.

आणि नेमका त्याच दिवसांत मी आजारी पडलो.

कचेरीत एक हिंदी परिपत्रक वाचत बसलो होतो. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली, हाताची बोटे बधिर झाली, घशाला कोरड पडली. आता आपण मरतो अशी माझी खात्रीच झाली. सोबतच्यांनी पाणी पाजले, घरी आणून सोडले. तासाभराने सगळे शांत झाले, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग बाजारात, मग हजामाच्या खुर्चीत, एकदा तर जेवता जेवता. नागपूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितले की हृदय ठणठणीत आहे, मनाला विसावा द्या. विसावा कुठल्या दुकानात मिळतो ते मात्र त्यांनी सांगितले नाही. ताप असता, हाड मोडले असते, तर लोकांना दाखवता आले असते. नुसत्या भीतीने घरी बसलेल्या पुरुषाने कोणाला काय सांगावे? मी रजा टाकली. हळूहळू एकट्याने घराबाहेर पडणेच बंद झाले. ओट्यापर्यंत जायचे तरी सुमती सोबत लागे. जिला मी जपायचे, ती मला धरून चालत होती. याची लाज त्या धडधडीपेक्षा जास्त जाळायची.

तो कागद सोमवारी द्यायचा होता. शनिवारी सकाळी मी सुमतीला म्हटले की जामसांवलीला जाऊन मारुतीला कौल मागावा, तो सांगेल तसे करू. जामसांवलीचा मारुती पिंपळाखाली निजलेला आहे, मूर्तीच आडवी आहे. मनाची दुखणी घेऊन लोक दुरून त्याच्याकडे येतात. तेव्हा आजच्यासारखी गर्दी नसायची. आम्ही दोघांनी चालत जायचे ठरवले होते, पण तिचे पाय सुजले होते. मी लगेच म्हणालो, मग राहू दे. खरे तर मला सुटल्यासारखेच वाटले होते.

ती चुलीपाशी बसली होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "आज तुम्ही एकटेच जाऊन या. वाटेत घाबरल्यासारखं झालं तर बसून घ्या, मग उठा. मी कुठं जाऊन नाही राहिली, घरीच आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता, समजूत घालणेही नव्हते. मी टोपी घातली, कागद खिशात ठेवला आणि निघालो.

पहिला मैल कसा गेला मला माहीत नाही. प्रत्येक झाडाशी थांबत होतो. कपाशी फुटली होती, वेचणीच्या बाया वावरात बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज कानावर आहे तोवर मला धीर होता. पुढे वावरे संपली, रस्ता सुना झाला, आणि छातीत ते सुरू झाले. मी मागे वळलो. अगदी खरे सांगतो, मी परतीच्या वाटेला लागलोच होतो. तेवढ्यात खालच्या नाल्यातून कोणीतरी हाक दिली.

नाल्यात संत्र्यांनी भरलेली एक बंडी रुतली होती. एक चाक गाळात गेलेले. दोन बैलांतला एक गुडघ्यावर पडला होता, तो गाडीवानाने नुकताच जुवाखालून सोडवला होता. दुसरा काठावरच्या बाभळीला बांधलेला. पडलेला बैल आता उठला होता, पण त्याच्या अंगाला थरथर सुटली होती, डोळे पांढरे झाले होते, आणि तो सारखा मागच्या डोहाकडे ओढ घेत होता. गाडीवान पन्नाशीचा असेल. कमरेपर्यंत चिखलाने माखला होता.

"बाबूजी, जरासक थांबता का जी?" तो म्हणाला. "माहा बैल भेऊन गेला हाये. बांधला त हिसके मारून नाक फाडून घेईन. मी गावातून माणसं घेऊन येतो, तवरोक याची वेसण धरा."

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की माझी तब्येत बरी नाही, मी बैल कधी धरलेला नाही. त्याने ऐकले की नाही देव जाणे. दोर माझ्या हातात देऊन तो काठ चढूही लागला होता. वरून एवढेच म्हणाला, "काही करा लागत नाही. फकत जवळ उभे राहा. सोडू नका."

मी आणि तो बैल, दोघेच उरलो.

त्याच्या नाकपुड्यांतून गरम वाफा येत होत्या, पोट भात्यासारखे खालीवर होत होते. तो हिसका देई तसा माझा हात खांद्यापासून उपटून येतो की काय असे वाटे. माझी स्वतःची छाती त्याच्याहून जोरात धडधडत होती. बोटे बधिर झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. एरवी अशा वेळी मी पळत असे, घराकडे, सुमतीकडे, जो दिसेल त्याच्याकडे. इथे पळायची सोय नव्हती. दोर सोडला तर हे मुके जनावर डोहात जाईल, पाय मोडेल. तेव्हा मरायचेच असेल तर इथेच मरू, असे मनात आले आणि मी डावा हात त्याच्या मानेवर ठेवला.

कातडीखाली त्याचे रक्त उसळताना हाताला जाणवत होते. मी हळूहळू हात फिरवू लागलो आणि माझ्या तोंडून शब्द निघू लागले. "भिऊ नको रे. जाईल हे. मी आहे इथंच." पुन्हा पुन्हा तेच. किती वेळ, सांगता येणार नाही. मध्येच कधीतरी माझ्या लक्षात आले की बैलाने एक लांब श्वास सोडला आहे. त्याच्या मागोमाग तसाच एक माझाही श्वास सुटला. भीती आली होती, चढली होती, आणि तिच्यासाठी मी काहीही केले नसताना ओसरली होती. इतके दिवस मी तिला पूर्ण ओसरू दिलेच नव्हते, दर वेळी अर्ध्यावरूनच पळालो होतो.

गाडीवान चार माणसे आणि एक लाकडी ओंडका घेऊन परतला, तेव्हा बैल माझ्या धोतराचा सोगा हुंगत उभा होता. आम्ही सगळ्यांनी मिळून चाक काढले. मीही खांदा लावला. त्याने नाव सांगितले, डोमाजी, राहणार मोहगाव. ओंजळभर संत्री माझ्या उपरण्यात बांधून दिली आणि बंडी हाकून तो निघून गेला.

जामसांवलीला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. चिखलाचे हात-पाय धुतले, एक संत्रे मारुतीपुढे ठेवले आणि पिंपळाखाली बसलो. कौल मागायला आलो होतो, पण मागावेसे काही उरलेच नव्हते. एवढे बळ असलेला देव, तोही इथे अंग टाकून निजला आहे, आणि आपण मात्र सारे आभाळ डोक्यावर घेऊन उभे आहोत, असे वाटून मला हसू आले आणि मग रडू आले. डोके टेकवून एवढेच म्हणालो, जे येईल त्याच्याजवळ मला उभे राहता येऊ दे.

घरी आलो. सुमती दारातच होती. काही न विचारताच तिने माझ्या चिखलाने भरलेल्या धोतराकडे पाहून पाणी तापत ठेवले. मग मी तिला पहिल्यांदाच विचारले की तुला कुठे राहावेसे वाटते. इतके दिवस दादांना विचारले, साहेबांना विचारले, देवाला विचारायला निघालो, हिला विचारलेच नव्हते. ती म्हणाली, इथेच. सोमवारी तसे लिहून दिले.

दुखणे त्या दिवशीच पळाले असे नाही. पुढे दोन-तीन वर्षे ते अधूनमधून येत राहिले. आले की मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून तेच शब्द म्हणत असे, आणि बसून न राहता रोज पहाटे नदीपर्यंत एकटा चालून येत असे. हिंदी शिकलो, आधी चुका करत, मग कमी चुका करत. दादा वर्षभर रुसले, नंतर तेच सुट्टीत येऊन राहू लागले. मुलगी झाली. तिच्या जन्माच्या वेळी आतून सुमतीचे कण्हणे ऐकू येत होते, आणि मी ओट्यावर बसून राहिलो, कुठे पळालो नाही.

डोमाजी मला पुन्हा भेटला तो सहा वर्षांनी, सौंसरच्या बाजारात. मी त्याला लगेच ओळखले. चार लोकांदेखत वाकून त्याच्या पायांना हात लावला, तर तो बिचारा मागेच सरकला. मी त्याला सगळे सांगितले, माझा आजार, तो नाला, तुमच्या रूपाने मारुतीच मला भेटला, वगैरे.

मग तो म्हणाला, "तुमचा चेहरा काही आठवून नाही राहिला बाबूजी. पण तो दिवस पक्का याद हाये. चिखलात उभा राहून मीच मारुतीले म्हणलं होतं, बाबा, कोणाले तरी धाड, एकट्यानं होऊन नाही राहिलं. अन् मान वर केली त तुम्ही दिसले."

सहा वर्षे मी समजत होतो की त्या सकाळी देवाने माझ्याकडे कोणाला तरी पाठवले. भीतीने अर्धमेला झालेला, अर्ध्या वाटेवरून घराकडे पळ काढणारा मी, त्याच क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी प्रार्थनेचे उत्तर असेन, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. तेव्हापासून मी देवाकडे बळ मागत नाही. आहे तसा, थरथरता का होईना, कोणाच्या कामी येत असेन तर जिथे उभे करशील तिथे उभा राहीन, एवढे म्हणतो, आणि मनोमन हात जोडतो.