वाचून दाखवलं नव्हतं

आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ होती, म्हणून ऐकू आलं. मी काही कान लावून बसले नव्हते. बरं, थोडा लावला होता.

"टीव्हीवर हजार चोरांना हक्क वाचून दाखवलेस, आणि पोटच्या पोराला असलं शिकवलंस!" शेजारची व्हर्नेल नवऱ्यावर ओरडत होती.

"मला जे लिहून देत होते तेच सांगितलं मी."

"मग लिहिणाऱ्यांची पोरं गेलीत का आत?"

मग बशी फुटली.

तिचा नवरा क्लीटस हारग्रोव्ह म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या मालिकांत कायम पोलिसाचं काम करणारा नट. मी कपडेपटात शिलाईला. त्याच्या वर्दीची बटणं मीच लावायचे, पोट सुटेल तशी सरकवायचेही. सव्वीस वर्षं त्याच्या तोंडी एकच बोल. आरोपीला बेड्या घालायच्या आणि म्हणायचं, "तुला गप्प राहण्याचा हक्क आहे. जे बोलशील ते तुझ्याविरुद्ध..." तेवढ्यात गाडीचं दार आपटायचं. पुढचं, वकील मागण्याच्या हक्काचं वाक्य त्याला कधी म्हणूच दिलं नाही.

आणि मालिकेत ठरलेलंच, पोलीस हक्क वाचायला विसरला की चोर सुटला. क्लीटसला ते खरं वाटायचं. मलाही. शाळा दोघांनीही बेतानेच पाहिलेली. जेवताना तो मुलाला, डोरियनला, ऐटीत सांगायचा, "वाचून दाखवेपर्यंत बोललेलं धरत नाहीत, लेका."

डोरियन एकोणीस वर्षांचा असताना साध्या कपड्यातले दोन पोलीस घरी आले. बेड्या नाहीत, दरडावणी नाही. व्हर्नेलने कॉफी दिली. मित्रांनी दुकान लुटलं तेव्हा गाडी डोरियनने चालवली होती. त्याने सगळं सांगून टाकलं. वाचून दाखवलं नव्हतं ना!

कोर्टात कळलं, अटक न करता घरात बसून विचारलं तर वाचावंच लागत नाही. अकरा वर्षांची शिक्षा झाली. "बाबांनीच सांगितलं होतं," डोरियन म्हणाला. बापाच्या कानावर पडलेला त्याचा तो शेवटचा शब्द.

त्या बशीच्या भांडणानंतर व्हर्नेल बहिणीकडे निघून गेली. क्लीटस दर शनिवारी बसने तुरुंगात जायचा. डोरियन समोर येऊन बसायचा, बोलायचा मात्र नाही.

"मग जातोस कशाला रे?" मी एकदा विचारलं.

"गप्प राहण्याचा हक्क आहे त्याला," तो म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही.

शिक्षेच्या नवव्या वर्षी क्लीटसच्या छातीने दगा दिला. घरीच पडून राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. शनिवारी हा बुटांना पॉलिश करून माझ्या दारात. "चल म्हातारे, हात धर."

त्याची ती शेवटची खेप. तिथल्या खाऊच्या यंत्रात नाणी टाकून त्याने मधाचा बन काढला, अर्धा करून डोरियनपुढे सरकवला. डोरियनने खाल्ला, बोटं चाटली. क्लीटस आपला बोलत राहिला. मोरी तुंबली, व्हर्नेलचा फोन होता, गुडघा दुखतोय म्हणे, शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली. वेळ संपल्याची हाक आली.

"येतो शनिवारी," तो म्हणाला.

डोरियन उठला आणि आत गेला. क्लीटसने बनाचा कागद नीट घडी करून डब्यात टाकला, टेबलावरचे कण तळहाताने पुसले, आणि आम्ही अडीचची बस पकडली.