हलणारा दात आणि वरचा सूर

आमचे हे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. वरचा सूर यांच्याशिवाय कुणाला पेलत नाही, असं सगळे म्हणतात. सर्वांत जास्त हे स्वतःच म्हणतात.

गेल्या वर्षी यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि पुढचा दात हलू लागला. ट्रम्पेटचा सगळा दाब पुढच्या दातांवर. दात गेला की वाजवणं संपलं. पण डॉक्टरकडे जातील तर शपथ. "ट्रम्पेट कसं धुतो मी? आत औषधी पाणी ओतायचं, खळखळवायचं, घाण बाहेर. तोंडाचंही तेच," म्हणाले. जंतू मारणाऱ्या औषधाच्या बाटल्या आणल्या आणि दिवसातून पाच-पाच गुळण्या सुरू. हिरडी दुखते म्हणून ब्रश बंद.

दोन महिन्यांत त्या औषधानं दात तपकिरी झाले, जिभेची चव गेली. खापर माझ्यावर. "भाजीत मीठ विसरलीस." सलग आठ दिवस. नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी मिठाची बरणी यांच्या ताटाशेजारी आपटली आणि यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

बाईंनी तपासलं. "जंतू हिरडीच्या आत, मुळाशी चिकट थर करून बसलेत. गुळणी वरूनच जाते, आतल्यांना पत्ताही लागत नाही. वरचे मरतात, त्यांत बिचारे निरुपद्रवीही असतात. आधी थर खरवडायचा, मग औषध."

"दात राहील ना?" यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"हिरडीनं पुन्हा धरला तर राहील. तीन महिने वाजवायचं नाही."

चार खेपांत थर निघाला, हिरडीच्या फटींत औषध भरलं. हे मुकाट्यानं मऊ ब्रश फिरवायचे. घर इतकं गप्प की शेजारीण विचारून गेली, भांडलात का म्हणून.

तीन महिन्यांनी बाईंनी दात हलवून पाहिला आणि वाजवा म्हणाल्या. त्या संध्याकाळी मीही तालमीला गेले. यांच्या जागी उभा असलेला वादक आपणहून बाजूला झाला. सूर वर चढला आणि तिथेच ठाम राहिला. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांदेखत रडले, लाज कसली त्यात.

हे येऊन शेजारी बसले. बराच वेळ जिभेनं दात चाचपत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आहे."