पांढरी तीनमधली गौर

आमच्या सासूबाई आयुष्यभर शाळेत गाणं शिकवत होत्या. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर एकदा गॅसवाल्यांचा फोन आला आणि पलीकडचा माणूस त्यांना चक्क "सर" म्हणाला. त्यांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आयुष्यभर बाई होते. आता सर झाले. बढतीच म्हणायची." मी हसले, त्याही हसल्या. पण त्या दिवसापासून आईंनी फोन उचलणं बंद केलं.

ऑपरेशन उत्तम झालं होतं, गाठही साधी निघाली. आवाज मात्र खाली गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलायला काही अडचण नाही ना, मग झालं. डॉक्टरांचं बरोबरच होतं म्हणा, त्यांना काय माहीत की या बाईंचं निम्मं आयुष्य बोलण्यात नाही, गाण्यात गेलंय. घरी आल्यावर आईंनी तानपुऱ्याला गवसणी घातली आणि तो कपाटावर ठेवायला माझ्या नवऱ्याला स्टूल आणायला लावलं.

शनिवार पेठेत आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. ते आईंनीच सुरू केलं, आणि त्यांच्या पद्धतीनं म्हणजे शिस्तीनं. सगळ्यांनी काळी चारमध्येच गायचं, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी धरून तिथे सा लावायचा. कोणी कुरकुर केली की आई म्हणायच्या, "आवाज वर जात नसेल तर रियाज करा, पट्टी खाली आणू नका." ऑपरेशननंतर त्या मंडळात गेल्याच नाहीत. घसा अजून ओला आहे, असं सांगायच्या. सहा-आठ महिने घसा ओला कसा राहतो, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

आता माझ्याविषयी. मी एका कंपनीत नोकरी करते आणि ऑफिसच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आईंनी गिटार उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "दोन तारा घरी विसरलीस का?" बेसला चारच तारा असतात, हे मी समजावून सांगितलं. "मग तेवढाच त्रास कमी," म्हणाल्या. एरवी माझ्या वाजवण्यात त्यांनी कधी लक्ष घातलं नाही. दार लावून वाजव, एवढीच अट.

बँडला कीबोर्डवाला काही टिकत नव्हता. आवाजात पोकळी राहायची. ती भरायला मी एक जुनं ऑक्टेव्ह पेडल घेतलं, वाघोलीला हॉस्टेलवर राहणाऱ्या एका यवतमाळच्या मुलाकडून. त्याला हैदराबादला नोकरी लागली होती आणि तो सामान विकून मोकळा होत होता. तळहाताएवढी लोखंडी डबी, पायानं दाबायची, वर दोन बटणं. आपण जो सूर वाजवू तोच सूर ती त्याच क्षणी एक सप्तक खालीही वाजवते. एका बटणानं आपला मूळ सूर कमीजास्त होतो, दुसऱ्यानं खालचा. त्या मुलानं निघताना बजावलं होतं की एका वेळी एकच नोट द्यायची, दोन तारा एकदम वाजल्या की हे येडं होतं. शिवाय वाजवायचं गिटारच्या दांडीवरच्या वरच्या घरांत, म्हणजे उंच सुरांत. मुळात खालचे सूर दिले तर डबीला त्याच्याही खालचं काही सापडत नाही, नुसती गुरगुरते.

चैत्र आला. आमच्या मंडळात दर चैत्रात एकीच्या घरी गौरीचं हळदीकुंकू असतं, आणि त्या वर्षी पाळी नेमकी आमची होती. त्यात एक रीत आहे. जिच्या घरी गौर, त्या घरच्या बाईनं पहिला सूर लावायचा. ती जो सा देईल, त्यातच बाकीच्यांनी गायचं. गौरीपुढे लागलेला सूर अर्धा सोडायचा नाही, ओळ पुरी करायची. गौरीपुढे म्हणायचं गाणंही आईंनीच बांधलेलं. हळदीकुंकू टाळता येत नव्हतं आणि सूर लावायची आईंची तयारी नव्हती.

"तू म्हण," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, आई, मी गायले तर गौर झोपाळ्यावरून उतरून सासरी परत जाईल. हे त्यांना पटलं, जरा जास्तच लगेच पटलं. मग त्यांनीच तोडगा काढला, की तुझं ते चार तारांचं आहे त्यावर वाजव, घरच्या बाईनं वाजवलं काय नि गायलं काय. मी हो म्हटलं. मनातून मला फार वाईट वाटलं. ही बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या गाण्याला, स्वतःच्या हातानं कुलूप घालत होती आणि किल्ली माझ्याकडे देत होती.

शनिवारी दुपारी बाहेरच्या खोलीत मी सरावाला बसले. वरच्या घरांत बेस एकटा वाजवला की त्याचा आवाज अगदीच किरटा येतो, म्हणून पेडल जोडलं. आई सकाळीच मंडईतून कैऱ्या घेऊन आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात एक कैरी किसून डाळीला आंबट किती लागेल ते बघत होत्या. गाण्यात एक मुरकी आहे, दोन-चार सूर झर्रकन फिरवून घ्यायची. मी ती घेतली आणि पेडलनं घसा खाकरल्यासारखा आवाज काढला.

आई किसाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. कोण आजारी आहे, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, एक सप्तक खाली वगैरे. "मंद्र सप्तक म्हण ना," त्या म्हणाल्या, "त्याला एवढं इंग्रजी कशाला." मग मी पेडलची तक्रार केली, तर ऐकावं लागलं की नाचता येईना अंगण वाकडं. माझी एक तार वाजत असताना दुसरी मोकळी राहत होती, ते त्यांनी तिथे उभ्याउभ्या ऐकून सांगितलं. मोकळी तार बोटानं दाबून धर म्हणाल्या. दाबली, तर खालचा सूर एकदम स्वच्छ आला. मुरकी मात्र त्याला जमेना. मी म्हटलं, आई, हे यंत्र साधं आहे, मुरक्या त्याला झेपत नाहीत.

"मलाही आता झेपत नाहीत," त्या म्हणाल्या. "सरळ वाजव."

आणि आत गेल्या. मी मुरकी काढून टाकली, एकेक सूर सरळ धरत गेले. दुसऱ्या खेपेला स्वयंपाकघरातून काहीतरी ऐकू आलं. आधी मला वाटलं पेडलच. मग कळलं, आई गुणगुणत होत्या. काळी चारला त्यांचा आवाज पोचत नव्हता, मध्येच तुटत होता. मी मान वळवली नाही. हात एक घर खाली सरकवला, पुन्हा तीच ओळ. अजून तुटत होता. आणखी एक घर. असं करत चार घरं खाली आले, पांढरी तीनवर, तेव्हा तो आवाज सुरावर स्थिरावला. जाड झाला होता, जुना राहिला नव्हता, पण सूर असा की एका केसाचा फरक नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि बोट घसरलं. "ताल," आतून आवाज आला.

नंतर चहा पिताना त्या आपणहून बोलल्या. असं त्या फार कमी बोलतात, म्हणून शब्द लक्षात आहेत. "ऑपरेशन झाल्यापासून सूर लावला की वाटायचं मी तळाला गेलेय, याच्या खाली काही नाही. आज माझ्या खाली कोणीतरी होतं. त्यामुळे मी वर आहे असं वाटलं."

मी लगेच म्हटलं, मग गौरीपुढे तुम्हीच म्हणा, मी खालून धरते. तर कपाळाला आठ्या. घरात ठीक आहे म्हणाल्या. एका म्हातारीचा घसा बसला म्हणून सगळ्या बायकांनी पांढरी तीनमध्ये खर्ज लावत बसायचं का? त्यांचा काय गुन्हा? मंडळ काळी चारचं आहे, तू काळी चारमध्येच वाजवायचंस. पुढे रोज मी ऑफिसातून आल्यावर आम्ही दोघी सराव करायचो, पांढरी तीनमध्ये, आणि रोज शेवटी त्या बजावायच्या की त्या दिवशी काळी चार.

हळदीकुंकवाच्या दिवशी खोली भरून गेली. झोपाळ्यात गौर, पुढे कलिंगडाची कमळं, करंज्या, दारात चैत्रांगण, आणि मधोमध माझ्या गिटारचा काळा अँप, म्हणजे स्पीकरचा खोका. त्यावर कोणीतरी हरभऱ्याचं ताट ठेवलं होतं, ते मी हळूच उचललं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी सवयीनं काळी चारवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी आता तिथे कुकर लावणार आहे. आई मागे पन्ह्याचे पेले भरत होत्या. बायका कुजबुजत होत्या, म्हणजे ह्या खरंच गाणार नाहीत तर.

मी काळी चारला सुरुवात केली. एक तार मोकळी राहिली आणि पेडलनं सगळ्या मंडळासमोर असा काही हुंकार दिला की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मागे सरकून बसून घेतलं. मी थांबले. डोळे मिटले, श्वास घेतला आणि परत वाजवलं. हात गेला तो रोजच्या जागी, पांढरी तीनवर.

मुद्दाम केलंस का, असं नवरा आजही विचारतो. मला खरंच माहीत नाही. पहिला सूर लागला होता, तो पेडलनं खालूनही धरला, मोकळ्या तारा मी घट्ट दाबून ठेवल्या होत्या, आणि पेटीवाल्या काकूंना पांढरी तीनमध्ये बोटं सापडत नव्हती. आता ओळ कोण पुरी करणार? गौरीपुढे सूर अर्धा सोडायचा नाही, ही रीत या घरातल्या एकाच बाईनं सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवली होती. मागे पेला ठेवल्याचा आवाज आला आणि आई गायला लागल्या.

त्या उभ्यानंच गायल्या, पन्ह्याचा डाव हातात तसाच. पहिली ओळ जपून, दुसरी त्याहून मोकळी. कडवं सुरू झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता डावा तळहात जमिनीकडे केला, गाणारे तबलजीला खूण करतात तशी. कमी कर. मी वाकून पेडलचं खालच्या सुराचं बटण थोडं फिरवलं. तळहात तसाच. आणखी फिरवलं. तळहात तसाच. शेवटी खालचा सूर मी पूर्ण काढून टाकला, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. खाली कोणी नव्हतं, आणि त्या गात होत्या.

ध्रुवपद मंडळानं उचललं. काय सांगू, मी त्या मंडळाला इतकी वर्षं ऐकतेय, त्यातून एवढा आवाज कधी निघाला नव्हता. खिडकीची तावदानं घुमली. मागे सरकलेल्या आजी पुढे येऊन टाळ्या धरत होत्या.

गाणं संपल्यावर आईंनी आधी सगळ्यांची माफी मागितली, की पट्टी खाली गेली, सांभाळून घ्या. मग पेटीवाल्या काकू भाता बंद करत म्हणाल्या, "अहो, सांभाळून काय घ्यायचं? गेली कित्येक वर्षं काळी चारला आम्ही निम्म्याजणी नुसती तोंडं हलवतोय. वयं झाली, कोणाचा घसा वर जातोय आता? तुम्ही येईनाशा झालात तरी पट्टी खाली आणायचा धीर झाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प होतो."

आई बघतच राहिल्या. त्यांच्यासाठी म्हणून मंडळ वरच्या पट्टीत राहिलं होतं, आणि मंडळासाठी म्हणून त्या घरात बसल्या होत्या. मग बोलला का नाहीत, त्यांनी विचारलं. तुम्ही ओरडला असतात, काकू म्हणाल्या. आईंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाल्या, "ओरडले असतेच." मग पदर डोळ्यांना लावला. डाळ वाढायचं काम मी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते. स्टूल कपाटापाशी होतं, तानपुरा खाली सतरंजीवर, गवसणी घडी करून बाजूला. फोन वाजला. मी चप्पल काढून आत यायच्या आधी आईंनी तो उचलला. पलीकडून कोणीतरी पार्सलवाला मोठ्यानं बोलत होता, "सर, पत्ता सापडत नाहीये" असं मला दारापर्यंत ऐकू आलं.

"बोला," आई म्हणाल्या. "आणि जरा पटकन बोला, मला रियाजाला बसायचंय."