नापास पाइप अख्खे ठेवा म्हणे

एकदा सकाळी मी भाकरी थापत होते. हे दारात गाडी पुसता पुसता म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय गं." पेट्रोलचा पाइप बदलला, मगच कामाला गेले.

हे वारले, त्याला आता काही वर्षं झाली. मी चाकणला एका कंपनीत तसलेच पाइप तपासते. प्लास्टिकचे थर एकावर एक चढवून तो पाइप बनतो. थर सुटलेला दिसला की पाइप कापून टाकायचा, म्हणजे तो कुणाच्या गाडीत जाणार नाही.

काल सुपरवायझर म्हणाला, "ताई, कापू नका. मेव्हण्याचं काळेवाडीत स्पेअरचं दुकान आहे. तिथं खपतात."

"आणि गाडी पेटली म्हणजे?"

"तुमची थोडीच पेटणार आहे!"

शेजारच्या बाया हसल्या. मला शिसारी आली. हाच माणूस स्वतःच्या गाडीला दर शनिवारी ताजी लिंबू-मिरची बांधतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडावासाही वाटला नाही.

मंडळी, तुमच्या गाडीतला पाइप कुठून आला, कधी विचारलंय का?

आज सकाळी कामावर गेले. सुपरवायझरनं बाजूला ठेवलेलं नापास पाइपांचं खोकं ओढलं आणि त्याच्यादेखत एकेक पाइप कापला.