पट्टा ठीक

पट्टेकाकांनी स्वतःच्या नातीचा पाय उंबऱ्यावर ठेवून मोडला, आणि तोही नव्या पट्ट्याचं माप घ्यायला घरातलंच मूल बरं म्हणून, ही गोष्ट आमच्या गल्लीत निदान पाच तोंडांनी सांगितली जाते. तोंडागणिक उंबरा बदलतो. एका बाईंना तर हाड मोडल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला होता. त्या दिवशी त्या परगावी होत्या, पण कानच तिखट, त्याला कोण काय करणार.

तेव्हा आधी हे निस्तरून टाकू. पाय कुणी मोडला नाही. पोरगी जन्मली तीच डाव्या खुब्यात ढिली. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा ज्या वाटीत बसायला हवा, ती वाटी उथळ, त्यामुळे गोळा निसटायचा. बऱ्याच बाळांत असतं तसं, आणि वेळेवर सापडलं तर बरंही होतं. काकांनी जे केलं ते पाय मोडण्यापुढे अगदीच किरकोळ होतं. रोज दुपारचं दीड तासाचं काम.

काका मुलांच्या हाडांच्या दवाखान्यात, मागच्या अंगाच्या कारखान्यात काम करतात. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. दोन शिलाई मशिनं, एक छोटी ऐरण, खिळ्यांना टांगलेली चामडी आणि फळीवर ओळीने उभे केलेले लहान मुलांच्या पायांचे प्लॅस्टरचे साचे. गुडघे आत वळलेले, टाच न टेकणारे, एका बाजूला झुकणारे असे सगळे पाय तिथे येतात, आणि काका त्यांना पट्टे, पट्ट्या नि बूट करून देतात. माणूस मुलखाचा खवचट. आमच्या गल्लीत जिना चढताना कोण कुठल्या पायावर जोर देतो हे त्यांना बिऱ्हाडनिहाय पाठ. माझ्या धाकट्या जावेला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "उजवी टाच फार झिजवतेस. मोची खूश असेल तुझ्यावर." एखादी आई मुलाचा गुडघा दुखतो म्हणून बूट करून घ्यायला आली की तिला डॉक्टरीणबाईंकडे परत पिटाळायचे. "पोरं खुब्याचं दुखणं गुडघ्यात सांगतात. आधी खुब्याचा फोटो काढा, मग माझ्याकडे या."

पण त्यांचा खरा दरारा पट्टा वाचण्याचा. ढिल्या खुब्याच्या बाळाला छातीभोवती एक आणि पायांना दोन असे पट्टे बांधतात. गुडघे वर नि मांड्या फाकलेल्या राहतात, उताण्या बेडकासारख्या. तसं राहिलं तरच गोळा वाटीत बसून वाटी खोल होते. पट्टा तेवीस तास अंगावर हवा. कुठल्या भोकात बक्कल अडकवायचं ते डॉक्टरीणबाई ठरवतात आणि काका त्या भोकाशेजारी लाल दोऱ्याचा टाका घालतात, म्हणजे घरी कुणी हुशारी करायला नको. दर आठवड्याला बाळ आलं की काका पट्टा खिडकीशी धरायचे, मग नाकाशी. अंगावर राहिलेल्या पट्ट्याला दूध, घाम आणि शूचा वास येतो. त्याची सुरकुती एकाच भोकावर पडते. सारखा काढघाल केलेल्या पट्ट्याला टोकाकडे दुसरी सुरकुती येते.

"हा कपाटात राहतो," ते एका आईला सगळ्यांदेखत म्हणाले होते. "याला डांबरगोळ्यांचा वास येतोय. बाळही कपाटातच ठेवता का?"

बाई रडत घरी गेली. पण पट्टा मग अंगावर राहिला, आणि ते पोर आज धावतं. तपासून झालं की काका बाळाच्या कार्डावर 'पट्टा ठीक' असं लिहून वाकडी सही ठोकायचे. डॉक्टरीणबाई त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून पुढचं ठरवायच्या. तीस वर्षं असं चाललं होतं.

नातीचं दुखणं सापडलं ते सुनेला. काकांचा मुलगा जहाजावर, सहा महिने पाण्यात नि दोन महिने घरात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात सासरा नि सूनच. बाळ दीड महिन्याचं असताना लंगोट बदलताना सून म्हणाली, "बाबा, हिची डावी मांडी उजवीइतकी उघडत नाही." काकांनी हात पुसले, मांड्या दाबून पाहिल्या नि चप्पल घातली. त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि संध्याकाळच्या आत काकांनी स्वतः पट्टा शिवला. सगळ्यात लहान बक्कल, चामडं हाताने चोळून मऊ केलेलं. लाल टाकाही घातला. "आता तू आमची बेडकी," असं म्हणाले आणि मग तेच नाव पडलं.

पहिला महिना सून घरीच होती, तेव्हा सगळं सुरळीत. नंतर तिची औषधाच्या दुकानातली नोकरी पुन्हा सुरू झाली, दुपारी दोन ते सहा. काकांचं काम सकाळचं, एकला सुटायचं. म्हणजे दुपारी बेडकी आजोबांकडे.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या माणसाने शेकडो पट्टे बांधले, पण पट्ट्यातलं मूल अख्खी दुपार कधी सांभाळलेलं नव्हतं. त्यांच्याकडे मूल यायचं दहा मिनिटांसाठी, तेही आईच्या मांडीवर. रडायला लागलं की आई उठून बाहेर जायची. इथे बाहेर जायला कुणी नव्हतं. पोरगी तीनला रडायला लागायची ती साडेचारपर्यंत. गळा बसायचा, तोंड काळंनिळं पडायचं. काकांनी खांद्यावर घेतलं, खुळखुळा वाजवला, ऐरणीवर हातोडी मारतात तसा टिचक्यांचा ताल धरला. चौथ्या दिवशी त्यांनी डाव्या पायाचं बक्कल काढलं. फक्त श्वास घेऊ दे जरा, म्हणून.

पाय हळूच सरळ झाला. पोरगी हुंदका अर्धा टाकून गप्प झाली, पंख्याकडे पाहत राहिली आणि झोपली.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पंधरा. आठवडाभरात दोन्ही पाय नि दीड तास. जिन्यावर सुनेची पावलं वाजायच्या बरंच आधी काका पट्टा पुन्हा लाल टाक्यावर, अगदी बरोबर, बांधून मोकळे. दीड तासाने असं काय होणार, असं ते स्वतःला समजावत. दुसऱ्या कुणी हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारलं असतं तर त्याची काय शोभा झाली असती, ते दवाखान्यातल्या कुठल्याही आईला विचारा.

आणि मग एका दुपारी त्यांना पट्ट्याच्या टोकाला दुसरी सुरकुती दिसली.

सुरकुती दिसली म्हणून त्यांनी सोडणं थांबवलं असेल असं वाटतं ना? त्यांनी तेलाचं बोट आणलं. चामडं चोळून मऊ केलं, तापवलेल्या चमच्याच्या पाठीने सुरकुती दाबून सपाट केली, आणि लाल टाक्याजवळ चहाचं पाणी फिरवून घामासारखा डाग आणला. तीस वर्षं आयांच्या लबाड्या पकडल्या होत्या. त्यातली एकेक आता त्यांच्या बोटांना आपसूक सुचत होती. दर आठवड्याला सून बाळाला घेऊन रांगेत बसायची, काका पट्टा खिडकीशी धरायचे, नाकाशी न्यायचे आणि लिहायचे, 'पट्टा ठीक'. असं पाच वेळा.

बाळ चार महिन्यांचं झाल्यावर खुब्याची सोनोग्राफी झाली. गोळा वाटीबाहेरच होता.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं, "पट्टा कधी सोडत होतात का?"

"नाही, मॅडम."

बाईंनी कार्ड पाहिलं. "पट्टा तर नीटच होता. म्हणजे हा खुबा पट्ट्याला दाद देणारा नाही. आता पट्टा बंद. भूल देऊन गोळा बसवू आणि प्लॅस्टर घालू." काका दाराशी उभे होते, हातात दुसऱ्याच कुणाचा बूट. त्यांनी बुटाची नाडी ओवली, काढली, पुन्हा ओवली. बोलले नाहीत.

बोलायला त्यांची लेक होती ना. ती समोरच्याच घरात दिलेली. "हिनेच सोडला असणार," ती नळावर, जिन्यात, किराण्याच्या दुकानात सांगत सुटली. "नोकरीला पळायची घाई. पोरगी रडली की काढला पट्टा नि दिली झोपवून." गल्लीने ते आवडीने चघळलं. मीही दोन घास घेतले, उगाच कशाला खोटं बोला. सुनेने नोकरी सोडली. काका जेवताना तिच्याकडे पाहायचे नाहीत. ताट मात्र स्वतः घासून ठेवायला लागले.

प्लॅस्टर छातीपासून घोट्यापर्यंत. पोरगी ओल्या मातीच्या मडक्याएवढी जड झाली. कडेवर बसेना, कुशीवर वळेना. आत खाजलं की प्लॅस्टरवर नखं घासायची. तीन महिन्यांनी प्लॅस्टर कापायच्या दिवशी सून तिला धरून होती आणि करवत काकांच्याच हातात होती. करवत थांबल्यावर खोलीत एकदम शांत झालं. कवच उघडलं. आतले पाय काडीसारखे, सोललेल्या सालीच्या रंगाचे.

सून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला पट्टा वाचता येतो. खरं सांगा. माझ्याकडून झोपेत कधी सैल झाला होता का? ताई म्हणतात तसं? मला आता माझंच काही आठवेनासं झालंय."

काकांनी करवत खाली ठेवली.

"पट्ट्यावर तुझं काही नव्हतं," ते म्हणाले. "माझं होतं."

"म्हणजे?"

"तू दुकानात गेलीस की मी सोडायचो. रोज. मग तेल लावून खुणा मोडायचो."

सुनेने बाळाला शालीत गुंडाळलं आणि ती बाहेर जाऊन बाकावर बसली. काका तसेच, अंगावर पांढरी धूळ घेऊन, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले नि सगळं सांगितलं. आठवडे, तास, चमचासुद्धा. प्लॅस्टर कापण्याआधी काढलेल्या नव्या फोटोत गोळा पुन्हा निसटलेला होता. तो फोटो बाईंच्या समोरच लावलेला होता.

बाईंनी कार्ड उघडून पाच सह्या मोजल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी सांगितलं असतंत, तर प्लॅस्टरआधी ताठ पट्ट्यात आणखी सहा आठवडे ठेवून पाहिलं असतं. बसला असता की नाही, मला माहीत नाही. पण पाहिलं असतं."

"हो."

"उद्यापासून कार्डावर तुमची सही नको. सिस्टर करतील."

"हो," काका म्हणाले आणि धूळ झाडायला लागले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. सव्वा वर्षाची असताना शस्त्रक्रिया झाली. गोळा वाटीत बसला, पण त्याला जाणारं रक्त तुटलं नि तो चपटला. पुन्हा तीन महिने प्लॅस्टर. पोरगी उभी राहिली तेव्हा दोन वर्षांची होती, डावा पाय दीड बोट आखूड. मोठेपणी आणखी एखादी शस्त्रक्रिया लागेल, असं सांगून ठेवलंय. मुलगा जहाजावरून आला, बापाशी भांडला नाही. एकदा फक्त विचारलं, "चमचा कुठला?" काकांनी दाखवला. त्याने तो खिडकीतून फेकून दिला. लेकीला खरं कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी काय चुकीचं बोलत होते? घरातलंच कुणीतरी सोडत होतं ना?" असल्या लेकीपुढे आमच्यासारख्यांनी हात टेकावेत.

सून जवळजवळ दोन वर्षं सासऱ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. पहिलं वाक्य बोलली ते उंच तळव्याच्या बुटाचं माप घ्यायच्या दिवशी.

"बूट तुम्हीच करा. सैल नको."

बेडकी आता सात वर्षांची आहे. शाळा सुटली की कारखान्यात येते आणि साच्यांच्या फळीखाली बसून गृहपाठ करते. तिचं चालणं बोळापासून ऐकू येतं, एक पाऊल हलकं, एक जड. ते ऐकलं की काका मशिनवरचा पाय काढतात आणि ती आत येऊन बसेपर्यंत मशिन चालवत नाहीत. ही चाल वाचायला त्यांना खिडकीचा उजेड लागत नाही.

सही गेली, पण नजर काही सही मागत नाही. संशय आला की सिस्टर अजूनही पट्टा घेऊन मागे पाठवतात. परवा एक तरुण आई बाळाला घेऊन आली. काकांनी पट्टा खिडकीशी धरला, नाकाशी नेला, टोकावर अंगठा फिरवला.

"रोज किती वेळ सोडता?"

"सोडत नाही."

"तेल कुठलं?"

बाईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. गल्लीतलंच कुणी तिला भेटलं असणार, कारण ती तडक म्हणाली, "तुम्ही कोण मला विचारणार, काका? सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही स्वतःच्या नातीचा सोडत होतात."

फळीखाली पेन्सिल थांबली. काकांनी तिकडे पाहिलं नाही. सुईत लाल दोरा ओवला, बाळाचा पाय हलकेच वर घेतला, बक्कल त्याच्या भोकात अडकवलं.

"सोडत होतो," ते म्हणाले. "वर तेलही चोळत होतो. तुमच्यापेक्षा चांगलं चोळलं होतं. बसा खाली."