लॉन्ड्री रूममधला डेमो

ड्रायरमधून काढलेल्या गरम कपड्यांचा वास आला की मला अमेरिकेत, टेक्सासच्या फ्रिस्कोमधल्या आमच्या जुन्या अपार्टमेंटची लॉन्ड्री रूम आठवते. मी तेव्हा मास्टर्स करत होते आणि डीजे व्हायचं मनात पक्कं होतं. लग्न ठरलेल्या एका जोडप्याला संध्याकाळपर्यंत डेमो मिक्स, म्हणजे गाण्याला गाणं जोडून केलेला नमुना, पाठवायचा होता. तो आवडला तर ते त्यांच्या लग्नात वाजवायला मला बोलावणार होते. घरात रूममेटचा ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू होता, म्हणून मी लॅपटॉप, गाणी मिसळायचा कंट्रोलर आणि स्पीकर खाली आणून कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर मांडले. रेकॉर्डिंग झकास चाललं होतं, एवढ्यात नागपूरहून मुलाकडे आलेल्या शेजारच्या काकू कपडे घेऊन आल्या. मी आवाज कमी करायला गेले, तर म्हणाल्या, “राहू दे गं, छान आहे.” चादरीच्या घड्या घालता घालता त्या चक्क नाचायला लागल्या, आणि चौथ्या गाण्याला धापा टाकत खुर्चीत बसल्या. “पोरी, मी शाळेत मुलांना लेझीम शिकवायची. नाचणाऱ्याला दम तर घेऊ देशील!” मला राग आला, कारण मध्ये जराही उसंत न देता गाण्यावर गाणं आदळणं हीच मी माझी कला समजत होते. पण काकू समोर घाम पुसत बसल्या होत्या. मी सगळं डिलीट करून पुन्हा सुरुवात केली, आणि दर दोन गाण्यांनंतर दम घ्यायला थोडा वेळ नुसता संथ ढोल ठेवला. या वेळी काकू शेवटपर्यंत नाचल्या. ते लग्न मला मिळालं. आजही वाजवताना माझी नजर स्क्रीनपेक्षा लोकांच्या पायांवर जास्त असते, आणि माझा डान्स फ्लोअर लवकर रिकामा होत नाही.